परवडणाऱ्या फोनची पारख : मोहने-कल्याण पट्ट्यातील एक इतिहास

रोजच्या वापरासाठी घ्यायचा मध्यम किमतीचा फोन कसा पारखावा, याची एक ठरलेली प्रश्नावली आज दुकानात उभ्या असलेल्या कोणत्याही कुटुंबाला तोंडपाठ असते. बॅटरी किती टिकते, दोन सिमकार्डे बसतात का, मराठी नीट दिसते का, सर्व्हिस सेंटर जवळ कुठे आहे, असे ते प्रश्न असतात आणि ते इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांना काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु यातील प्रत्येक प्रश्न केव्हातरी पहिल्यांदा विचारला गेला, आणि तो जाहिरातीने शिकवला त्यापेक्षा किती तरी अधिक त्या त्या काळच्या अडचणीने शिकवला. शहाड सोडून लोकल उल्हास नदीवरचा पूल ओलांडते आणि आंबिवली स्थानक येते. त्या स्थानकाच्या आसऱ्याने वाढलेले मोहने हे गाव या इतिहासाच्या अभ्यासासाठी विशेष सोयीचे आहे, कारण पगार ठरावीक, प्रवास लांबचा आणि चुकीच्या खरेदीला वाव नाही, अशा ज्या घरांमधून ही प्रश्नावली घडली, त्या घरांची येथे दाट वस्ती आहे.

मोहन्याची आधुनिक ओळख १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनशी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एनआरसी’शी जोडलेली आहे. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉन, म्हणजे कृत्रिम रेशमाचा धागा, काढणाऱ्या या कारखान्याभोवती वसाहत, बाजार आणि शाळा उभ्या राहिल्या, आणि महिन्याच्या पगारावर व दिवाळीच्या बोनसवर चालणारे एक अर्थकारण आकाराला आले. अशा अर्थकारणात टिकाऊ वस्तूची खरेदी हा घरातला मोठा निर्णय असतो. रेडिओ, सायकल, मनगटी घड्याळ, शिलाई यंत्र, पुढे दूरचित्रवाणी संच, या वस्तू कोणी घेतल्या आहेत, त्या किती वर्षे चालल्या, बिघडल्यावर कोठे दुरुस्त झाल्या, याची चौकशी करूनच पैसा बाहेर पडे. ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता, त्यामुळे रेडिओ कसा बनतो हे जाणणारी माणसेही या जिल्ह्यात होती. शेजाऱ्याचा अनुभव हीच त्या काळची चाचणी होती, आणि ती आजच्या कित्येक छापील परीक्षणांहून अधिक कठोर होती, कारण सल्ला देणारा माणूस पुढची वीस वर्षे त्याच चाळीत राहणार असे.

या चौकशीच्या शहाणपणाला त्याच काळात संघटित रूपही मिळत होते. मुंबईत १९६६ मध्ये कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काही महिलांनी स्थापन केली आणि वस्तूंची तपासणी करून तिचे निष्कर्ष ग्राहकांपुढे ठेवण्याची पद्धत रूढ केली. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दोषयुक्त वस्तूविरुद्ध दाद मागण्याची सोपी वाट मोकळी केली. याचा अर्थ असा, की दूरध्वनी बाजारात विकत घ्यायची वस्तू होण्यापूर्वीच या भागातला ग्राहक वस्तू पारखायला शिकलेला होता. उणीव होती ती निवडीला वाव देणाऱ्या फोनची.

कारण दूरध्वनीच्या बाबतीत पारखण्यासारखे काही नव्हतेच. मुंबईत पहिले एक्स्चेंज, म्हणजे तारा जोडून देणारे केंद्र, १८८२ मध्ये सुरू झाले. त्यानंतर एका शतकाहून अधिक काळ फोनचे यंत्र ही ग्राहकाची मालमत्ता नव्हती. बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये बनलेला काळा, जड, फिरत्या चकतीचा संच सरकारी दूरध्वनी खाते लावून देई, बिघडल्यास खातेच पाहून जाई, आणि जोडणी बंद झाल्यास परत घेऊन जाई. ग्राहकाने करायचे ते एवढेच, की नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची. ही वाट वर्षानुवर्षांची असे. ज्यांच्याकडे फोन नाही ते शेजाऱ्याचा क्रमांक आपल्या नावापुढे ‘पी.पी.’ अशी खूण करून देत, म्हणजे या क्रमांकावर फोन करून अमुक व्यक्तीला बोलावून घ्यावे. लग्नपत्रिकांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर ही दोन अक्षरे सर्रास छापली जात, आणि फोन असलेल्या घराला संपूर्ण वाडीचा निरोप्या व्हावे लागे.

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने भारतीय हवामानाला आणि धुळीला तोंड देतील अशी छोटी एक्स्चेंजे तयार केली, आणि दशकाच्या अखेरीस पिवळ्या पाटीचे एस.टी.डी.-पी.सी.ओ. बूथ गावोगावी दिसू लागले. रात्री अकरानंतर दूरच्या कॉलचा दर दिवसाच्या चौथाईवर येत असल्याने त्या सुमारास बूथबाहेर रांग लागे. बूथमधल्या छोट्या यंत्रावर सेकंद आणि रुपये पुढे सरकताना दिसत, आणि बोलण्याचा हिशेब पैशांत करण्याची सवय लोकांना तेथेच लागली. पुढे मोबाइल पारखताना ती उपयोगी पडली.

कल्याण पट्ट्यात या हिशेबाला एक खास पैलू होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय येथील फोन-खरेदीचा इतिहास नीट उलगडत नाही. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या महानगर टेलिफोन निगमच्या हद्दीत मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई होती. ठाण्याच्या माणसाचा क्रमांक मुंबईच्याच ०२२ या संकेताने सुरू होई. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर आणि त्यांच्या पाठोपाठ मोहने मात्र त्या हद्दीबाहेर, ०२५१ या वेगळ्या संकेताखाली, पुढे भारत संचार निगमकडे राहिले. ज्या माणसाची नोकरी मुंबईत, ज्याचा दिवस लोकलमध्ये सुरू होई आणि लोकलमध्येच मावळे, त्याच्या घरून त्याच्या कार्यालयात फोन लावायचा तर तो परगावचा फोन ठरत असे. १८५४ पासून रेल्वेने मुंबईला जोडलेले कल्याण तारेच्या हिशेबात मुंबईबाहेरच होते.

मोबाइल आला तो ही सीमा मोडून. मुंबईच्या महानगर परवान्याचे क्षेत्र आखताना मुंबई आणि नवी मुंबईबरोबर कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजांचा परिसरही त्यात धरला गेला. त्यामुळे जमिनीवरच्या फोनने परका ठरवलेला हा पट्टा बिनतारी फोनने मुंबईत सामावून घेतला. चर्चगेटच्या कचेरीतला मोबाइल आणि मोहन्यातला मोबाइल एकाच क्षेत्रातले झाले. उलट शहापूर किंवा मुरबाडकडे निघाले, की क्षेत्र बदले आणि ‘रोमिंग’, म्हणजे परक्या क्षेत्रातल्या वापराचा जादा आकार, सुरू होई. ही रेषा नकाशावर कोठे छापलेली नसली तरी प्रत्येक ग्राहकाला ती ठाऊक होती, आणि नाशिक, खानदेश किंवा घाटमाथ्यावर ज्यांचे गाव होते अशा असंख्य कुटुंबांच्या दृष्टीने ती थेट घराच्या आणि गावाच्या मधून जात होती.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला, आणि त्याच वर्षी मुंबईत बीपीएल मोबाइल व मॅक्स टच या सेवा सुरू झाल्या. गर्दीच्या वेळचा कमाल दर मिनिटाला १६ रुपये ८० पैसे होता आणि तो येणाऱ्या कॉललाही लागू होता. या किमतीत कामगार वस्तीत फोन पारखण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. तरी एक मूलभूत बदल तेव्हाच घडून गेला, तो असा की यंत्र आणि सेवा या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. सेवा कंपनीची राहिली, पण यंत्र ग्राहकाच्या मालकीचे झाले, आणि मालकी आली की पारख आलीच.

ती पारख मोहन्यासारख्या गावात प्रत्यक्षात उतरली ती २००३ पासून. त्या वर्षी मे महिन्यात येणारे कॉल मोफत झाले, आणि जुलैमध्ये रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन हाती देणारी योजना आणली. तीत यंत्र आणि सेवा पुन्हा एकत्र बांधलेली होती: त्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड बसत नसे, आणि उरलेली किंमत महिन्याच्या बिलांतून फेडावी लागे. ‘बाहेरून स्वस्त दिसणारी वस्तू किती महिने बांधून ठेवते’ हा प्रश्न फोनच्या प्रश्नावलीत या योजनेने कायमचा दाखल केला.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आलेला नोकिया ११०० हा फोन या इतिहासातला मैलाचा दगड मानावा लागेल. त्याची कळपट्टी धूळ आत जाऊ नये म्हणून अखंड रबरी आवरणाची होती, कडा घामेजल्या हातातून निसटू नयेत म्हणून खरबरीत होत्या, आणि डोक्यावर छोटा दिवा होता. भारनियमनाच्या त्या वर्षांत, जेव्हा महाराष्ट्राच्या मोठ्या भागात वीज तासन् तास जाई, हा दिवा म्हणजे शोभेची वस्तू नव्हती. बॅटरी अवघी ८५० मिलीअँपिअर-तासांची होती. मिलीअँपिअर-तास हे बॅटरीत किती विद्युतभार साठतो ते सांगणारे एकक होय, आणि आजच्या फोनमध्ये हा आकडा पाच हजारांच्या घरात असतो. तरीही तो फोन एका चार्जवर अनेक दिवस चाले, कारण त्याच्याजवळ खर्च करायला फारसे काही नव्हते. जगभर या फोनचे २५ कोटींहून अधिक नग विकले गेले. एखादी वस्तू कोणासाठी घडवली आहे हे तिच्या जाहिरातीपेक्षा तिच्या बांधणीवरून अधिक स्पष्ट कळते, हे सांगण्यास या फोनइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने बॅटरीचा प्रश्न एका दिवसात सर्वांत वर आणून ठेवला. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, उल्हास खोऱ्यातल्या वस्त्यांत पाणी शिरले, लोकल जागच्या जागी थांबल्या, वीज गेली, आणि मोबाइलची यंत्रणाही कोलमडली. घरी न पोहोचलेल्या माणसाच्या हातातला फोन रेंज आणि चार्ज या दोन गोष्टींशिवाय निरर्थक आहे, हे त्या रात्री कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. दोन वर्षांनी, ऑगस्ट २००७ मध्ये, नोकियाने बीएल-५सी प्रकारच्या एका पुरवठादाराकडील ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या बदलून देण्याची घोषणा केली, कारण चार्जिंगच्या वेळी त्या प्रमाणाबाहेर तापण्याचा संभव होता. लोकांनी फोन उघडून बॅटरीवरचा लांबलचक क्रमांक वाचायला सुरुवात केली. फोनच्या पाठीवरचे झाकण काढून आतला मजकूर तपासण्याची ही सवय त्यानंतरची कित्येक वर्षे दुकानादुकानांत दिसत राहिली.

येथील इतिहासाचे २००९ हे वर्ष दुहेरी अर्थाने निर्णायक आहे. त्या वर्षी एनआरसीला टाळे लागले, हजारो कामगारांचा पगार थांबला, देणी प्रदीर्घ काळ अडकून पडली, आणि मोहन्याच्या बाजाराचा कणाच मोडला. कारखान्याच्या भोंग्यावर चालणारे गाव तुकड्यातुकड्यांच्या रोजगारावर, म्हणजे सुरक्षारक्षकाची नोकरी, रिक्षा, लहान दुकान, कंत्राटी काम, लांबचा प्रवास यांवर येऊन ठेपले, आणि अशा प्रत्येक कामात काम मिळणेच मुळी फोनवर अवलंबून असते. उत्पन्न घटले त्याच काळात फोनची गरज वाढली. परवडणारा फोन हा शब्दप्रयोग या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्याचे खरे वजन लक्षात येते.

त्याच वर्षी चिनी बनावटीच्या बिननावाच्या फोनांवर गदा आली. मोठा पडदा, कानठळ्या बसवणारा आवाज, दोन सिमकार्डे आणि नामांकित फोनच्या काही अंशाने किंमत, यामुळे हे फोन खूप खपले होते. परंतु त्यांतील अनेकांना खरा आयएमईआय क्रमांक नव्हता. आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनला स्वतंत्रपणे दिलेला पंधरा अंकी ओळखक्रमांक होय, आणि चोरीचा किंवा गुन्ह्यातला फोन शोधण्यासाठी तो अत्यावश्यक असतो. सरकारच्या आदेशानुसार १ डिसेंबर २००९ पासून असा क्रमांक नसलेले फोन सेवेतून तोडले गेले. तत्पूर्वी १९९ रुपये घेऊन वैध क्रमांक बसवून देण्याची अधिकृत सोयही करण्यात आली होती. फोन हाती घेताच कळपट्टीवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून क्रमांक पाहायचा आणि तो खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवायचा, ही चाचणी तेव्हापासून वापरलेला फोन घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत झाली.

बिननावाच्या फोनांनी एक मागणी मात्र मागे ठेवली, ती दोन सिमकार्डांची. मायक्रोमॅक्स, कार्बन, स्पाइस अशा भारतीय नावाच्या कंपन्यांनी ती ओळखली. नोकियासारख्या युरोपीय कंपनीला ती उमगायला वेळ लागला, आणि ज्यांनी मोहने-टिटवाळ्याच्या गाडीत बसून मुंबईचे आणि महाराष्ट्राचे सिम अदलाबदल करणारा प्रवासी पाहिला असेल, त्यांना त्या विलंबाचे आश्चर्य वाटल्यावाचून राहणार नाही. २००९ मध्येच सेकंदागणिक आकारणी सुरू झाली, आणि २० जानेवारी २०११ पासून क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर मिळाली. एक सिम गावाकडच्यांसाठी, दुसरे ज्या महिन्यात जे स्वस्त असेल ते, अशी व्यवस्था घराघरात बसली.

अँड्रॉइड प्रणालीवर चालणारे फोन मध्यम उत्पन्नाच्या घरांत शिरले ते २०१२ च्या सुमारास. मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास २ त्या वर्षाअखेर ९,९९९ रुपयांना आला. फेब्रुवारी २०१४ मध्ये मोटो जी १२,४९९ रुपयांना, आणि जानेवारी २०१७ मध्ये शाओमीचा रेडमी नोट ४ पुन्हा ९,९९९ रुपयांपासून मिळू लागला. यांतले शेवटचे दोन फोन प्रारंभी केवळ इंटरनेटवरूनच विकले गेले, हा पारखण्याच्या इतिहासातला मोठा खंड आहे: वस्तू हातात न घेता, कागदावरचे आकडे वाचून, ठरलेल्या मिनिटाला बटण दाबून ती विकत घ्यायची. रॅम म्हणजे चालू कामे धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती, प्रोसेसर म्हणजे गणिते करणारा मेंदू, या संज्ञा या काळात शाळकरी मुलांनी आईवडिलांना समजावल्या, आणि घरातल्या खरेदीचा अधिकार एका पिढीने खाली सरकला. आकड्यांनी तुलना सोपी केली, हे मान्यच केले पाहिजे. पण खिशात गरम होतो का, उन्हात पडदा दिसतो का, लोकलच्या गोंगाटात आवाज ऐकू येतो का, हे आकडे सांगत नव्हते, आणि रोजच्या वापराचा निकाल त्यांवरच लागत होता.

आकड्यांच्या तक्त्यात ज्याला बराच काळ जागाच नव्हती असा एक निकष म्हणजे मराठी अक्षर. जुन्या फोनांत देवनागरी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. पुढे अक्षरे दिसू लागली तरी पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडे, जोडाक्षरे पाय मोडून सुटी होत, आणि ‘दुसऱ्या’ या शब्दातला मराठीचा खास अर्धा र हिंदीसाठी घडवलेल्या टंकांना पेलत नसे. ‘कल्याण’ आणि ‘आंबिवली’ हे दोनच शब्द लिहून पाहिले तरी फोन मराठी जाणतो की नाही ते कळून येई, कारण एकात जोडाक्षर आहे आणि दुसऱ्यात पहिली वेलांटी. केंद्र सरकारने २०१६ मध्ये भारतीय मानकाद्वारे असे बंधन घातले, की देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व २२ अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे. हा निर्णय फार उशिरा आला. तोपर्यंत एका संपूर्ण पिढीने आपली मराठी रोमन अक्षरांत लिहायची सवय लावून घेतली होती, आणि या नुकसानीची नोंद फोनच्या कोणत्याही परीक्षणात झाली नाही.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि ‘यात व्होल्टी आहे का?’ हा एकच प्रश्न काही महिने इतर सगळ्या प्रश्नांवर भारी पडला. व्होल्टी म्हणजे आवाजही इंटरनेटच्या मार्गाने वाहून नेणारी पद्धत. ती नसलेल्या फोनवर त्या सेवेचे थेट कॉल होत नसत, त्यामुळे चांगले चालणारे फोनही एकाएकी जुने ठरले. दोन महिन्यांनी नोटाबंदी झाली आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या यूपीआयमुळे फोन हेच पैशाचे पाकीट बनले. उपनगरी तिकिटाचे अ‍ॅप मुंबईत २०१४ च्या अखेरीस आले होते. त्यावर तिकीट काढताना रुळांपासून ठरावीक अंतरावर उभे राहावे लागे, आणि स्थान अचूक न दाखवणारा फोन असला की स्थानकाबाहेर उभ्या माणसालाही तिकीट नाकारले जाई. उपग्रहाधारे स्थान ओळखण्याची फोनची क्षमता ही अशी आंबिवलीच्या प्रवाशासाठी सकाळच्या गाडीशी निगडित झाली.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा एका फोनचे घर दोन-तीन फोनांचे करावे लागले, आणि नेमक्या त्याच वेळी, १ एप्रिल २०२० पासून, मोबाइलवरचा वस्तू व सेवा कर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. तासिका पाहण्याइतका पडदा, गृहपाठाची छायाचित्रे साठवण्याइतकी जागा आणि संध्याकाळपर्यंत टिकणारी बॅटरी, एवढ्यावरच त्या वर्षीची निवड झाली. वापरलेल्या फोनच्या व्यवहारालाही त्याच काळात नवे वजन आले. अशा व्यवहारात आयएमईआय खरा आहे की नाही आणि फोन चोरीचा तर नाही, हे तपासण्याची सरकारी सोय २०२३ मध्ये सुरू झालेल्या संचार साथी या संकेतस्थळाने सर्वांसाठी खुली केली.

१ ऑक्टोबर २०२२ पासून देशात ५जी सेवा सुरू झाली, आणि आजच्या पंधरा-वीस हजारांच्या फोनमध्ये ती, मोठी बॅटरी आणि दोन सिमकार्डे गृहीतच धरली जातात. पडदा, कॅमेरा, वेग यांतला फरक कमी झाल्यामुळे खरेदीचा भर एका वेगळ्याच प्रश्नाकडे सरकतो आहे: सुरक्षिततेच्या सुधारणा कंपनी किती वर्षे पाठवणार? त्या थांबल्या की काही काळाने बँकेचे अ‍ॅप चालेनासे होते, आणि यंत्र धडधाकट असूनही फोन निकामी ठरतो. हा प्रश्न यापूर्वीच्या साऱ्या प्रश्नांहून वेगळा आहे. कळपट्टी दाबून पाहता येत असे, झाकण उघडून बॅटरीचा क्रमांक वाचता येत असे, ‘कल्याण’ लिहून अक्षर तपासता येत असे. पण चार वर्षांनंतर कंपनी काय करील हे दुकानाच्या काचेवर फोन ठेवून पाहण्याजोगे नाही, आणि शेजाऱ्याच्या अनुभवावरूनही ते सांगता येत नाही, कारण त्याचा फोनही तेवढाच नवा असतो. काळ्या चकतीचा संच खात्याच्या मालकीचा होता आणि भाडे भरणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत असे. आजचा फोन पावतीवर ग्राहकाच्या नावाचा असतो, आणि तो कोठवर चालेल याचा निर्णय मात्र पुन्हा एकदा घराबाहेर, एखाद्या दूरच्या कार्यालयात होतो. म्हणूनच मोहन्याच्या बाजारात आज फोन घेणारे कुटुंब खोके उलटून पाहते, आणि अपडेट किती वर्षे मिळणार ते लिहून द्या, असे दुकानदाराला सांगते.